पंधरा वर्षांची होत आलेली डिझेल गाडी, शहराची हवा आणि आपला वाहनकर

वारजेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमची डिझेल गाडी २०१२ सालची. २०२७च्या जूनमध्ये तिची पंधरा वर्षं भरतात, म्हणजे आरसीचं नूतनीकरण. गाडीची तक्रार काही नाही. एक लाख चाळीस हजार किलोमीटर झाले, क्लचप्लेट एकदा बदलली, लांबच्या रस्त्याला आजही वीसच्या पुढे मायलेज देते. त्यामुळे ठेवायची की काढायची, हा प्रश्न आतापर्यंत आमच्या घरी निव्वळ हिशेबाचा होता.

यंदा दिवाळीनंतर तो तसा राहिला नाही. मुलगी आठवीत आहे. तिचा खोकला दीड महिना हटेना, शेवटी डॉक्टरांनी पंप सुरू केला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "घर कुठे आहे?" घर वारज्यात, बायपासला लागून, चौथ्या मजल्यावर. गॅलरीच्या कठड्यावर रोज जी पूड बसते ती मातीसारखी तांबूस नसते. काळी असते, बोटाला चिकट लागते, फडक्यावर रेघ उमटते. ती पूड मी दहा वर्षं पुसतोय, पण तीच मुलीच्या छातीत जातेय हे त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात शिरलं. आणि खाली पार्किंगमध्ये माझीही डिझेलच उभी.

मग कागद काढून बसलो. २०१२मध्ये डिझेल का घेतली? पेट्रोलचे दर सरकारने जून २०१० मध्ये मोकळे केले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत धरून ठेवले. मधल्या काळात दोन्हींत लिटरमागे पंचवीस रुपयांहून जास्त फरक होता. ते स्वस्त डिझेल एसटीसाठी, ट्रॅक्टरसाठी, मालवाहतुकीसाठी होतं. आम्ही मोटारवाल्यांनी त्याचा फायदा उचलला. त्या सुमारास विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत निम्म्याहून जास्त डिझेलच्या होत्या. किरीट पारीख समितीने २०१० मध्येच सुचवलं होतं की डिझेल मोटारीवर ८० हजार रुपये जादा उत्पादन शुल्क लावा, म्हणजे ही सवलत मोटारवाल्यांकडून वसूल होईल. ते झालं नाही. झालं असतं तर मी पेट्रोल घेतली असती, हे मी स्वतःपुरतं खात्रीने सांगतो.

आता कर बघा. आपल्या राज्यात नवीन मोटारीला एकरकमी कर लागतो. १० लाखांपर्यंत पेट्रोलला ११ टक्के, डिझेलला १३. १० ते २० लाखांत १२ आणि १४. त्याच्या वर १३ आणि १५. सीएनजीला ७, ८, ९ होता, तो १ जुलै २०२५ पासून एकेक टक्क्याने वाढला. म्हणजे १२ लाखांच्या गाडीवर डिझेल म्हणून मी जास्तीचे फक्त २४ हजार भरणार, तेही एकदाच. मग वर्षाला तीन हजार किलोमीटर फिरवा नाहीतर तीस हजार, गावाकडे चालवा नाहीतर लक्ष्मी रस्त्यावर, कर तोच.

जुन्या गाडीला पर्यावरण कर आहे, २०१० पासून. पंधरा वर्षांपुढच्या डिझेल मोटारीला पाच वर्षांचे ३,५०० रुपये. भागाकार केला तर दिवसाला दोन रुपयेसुद्धा होत नाहीत. पेट्रोलला ३,०००. दोघांतला फरक पाच वर्षांत ५०० रुपये.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यामुळे हा धागा काढला. ऑक्टोबरात पीयूसी काढायला गेलो. मुलाने नंबरप्लेटचा फोटो घेतला, पैसे घेतले आणि छापील प्रमाणपत्र दिलं. गाडीच्या नळीत काहीही घातलं नाही. प्रमाणपत्रावर मात्र धुराचा आकडा छापलेला आहे : ०.८१.

माझं म्हणणं असं की कर इंधनाच्या नावावर, गाडीच्या लांबीवर किंवा वयावर नको. नळीतून जे बाहेर पडतं त्यावर असावा, आणि त्यासाठी ते आधी खरोखर मोजलं जावं. जाणकारांनी लिहावं.

---

पौड_फाटा

मुलीला लवकर बरं वाटो.

पण गाडी काढण्याची घाई करू नका. पुण्याच्या हवेत रस्त्यावरची धूळ, बांधकामं, आरएमसी (तयार काँक्रीटचे) प्लांट, उघड्यावर जाळलेला कचरा हेही आहेच. बायपासवरून रात्रंदिवस ट्रक जातात. तुमच्या एका गाडीने त्यात काय फरक पडणार? उलट चालती गाडी मोडीत काढून नवी घेणं हेही पर्यावरणाला महागच पडतं.

---

भोसरी_गॅरेज

तीस वर्षं डिझेलच्या कामात आहे, मोटारी आणि छोटे टेम्पो. जे रोज बघतो तेवढंच लिहितो.

वारजेकर दादा, तुमची गाडी पुणे पासिंग असेल तर बीएस-४ आहे. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीने किती धूर सोडावा याचं सरकारी मानक; आकडा जितका मोठा तितका नियम कडक. पुण्यात आणि इतर मोजक्या शहरांत बीएस-४ एप्रिल २०१० ला आलं, बाकी देशात एप्रिल २०१७ ला. तेच मॉडेल, तोच रंग, त्याच वर्षी साताऱ्यात पासिंग झालं असेल तर बीएस-३. अशा किती गाड्या आज पुण्यात फिरतात ते बघा. गाडीच्या वयावरून धूर ठरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तुमच्या गाडीला डीपीएफ नाही. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचं बारीक छिद्रांचं सिरॅमिकचं जाळं, काजळी त्यात अडकते. बीएस-६ आलं १ एप्रिल २०२० ला, तेव्हापासून ते सगळ्या डिझेल मोटारींना आलं. अडकलेली काजळी जाळावी लागते, त्याला आम्ही रीजन म्हणतो. त्यासाठी जाळं सहाशे डिग्रीच्या आसपास तापावं लागतं, आणि ते होतं गाडी सलग वीस-पंचवीस मिनिटं चांगल्या वेगात पळाली तर. आता सांगा, कोथरूड ते कॅम्प, दिवसाला बारा किलोमीटर, दर चौकात सिग्नल, हा माणूस रीजन कधी पूर्ण करणार? अर्धं झालं की गाडी बंद, परत सुरू, परत अर्धं. मग दिवा लागतो. तो दुर्लक्ष करतो. मग गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे स्वतःच ताकद कापून हळू चालते, आणि आमच्याकडे येते.

डीपीएफ नवीन घ्यायचा तर काही मॉडेलांना लाखाच्या घरात खर्च येतो. तेव्हा गिऱ्हाईक काय म्हणतं ते ऐका : "जाळी फोडून टाका ना." बाहेरून डबा तसाच दिसतो, आतलं सगळं काढलेलं, आणि दिवा लागू नये म्हणून रीमॅप मारतात, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलतात. ईजीआरला (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) पत्रा मारून बंद करणं तर त्याहून सर्रास. पिकअप वाढतो, मायलेज वाढतं, असं सांगतात. मी हे काम घेत नाही. पण माझ्याकडून परत गेलेलं गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत दुसरीकडे काम करून घेतं, हेही मला माहीत आहे. अशी गाडी कागदावर बीएस-६ असते आणि धूर बीएस-३ सारखा टाकते.

शहरातल्या शहरात फिरणाऱ्याने डिझेल घेऊच नये. हे मी माझ्या पोटावर पाय येत असून सांगतो. रोज ऐंशी-शंभर किलोमीटर हायवे असेल त्यानेच घ्यावी.

---

अनघा_स

गॅरेजवाल्या दादांनी फार महत्त्वाचं लिहिलं आहे. मी उत्सर्जन चाचणीच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे थोडी भर घालते.

डिझेल मोटारींच्या मर्यादा किलोमीटरमागे मिलिग्रॅममध्ये अशा आहेत. कण : बीएस-३ ला ५०, बीएस-४ ला २५, बीएस-६ ला ४.५. नायट्रोजन ऑक्साइड : बीएस-३ ला ५००, बीएस-४ ला २५०, बीएस-६ ला ८०. म्हणजे कणांच्या बाबतीत नियमात राहणारी एक बीएस-३ मोटार अकरा बीएस-६ मोटारींएवढी. आणि आपल्याकडचा कर या दोघींना 'डिझेल' या एकाच शब्दात बसवतो.

नायट्रोजन ऑक्साइड का निर्माण होतात? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा प्रचंड दाबली जाते, ती तापते, त्यात डिझेल फवारलं की पेट घेतं. जास्त तापमान आणि जास्तीची हवा, यामुळे हवेतलाच नायट्रोजन जळतो. म्हणून डिझेलचा कार्बन डायऑक्साइड कमी आणि नायट्रोजन ऑक्साइड जास्त. श्वासनलिका सुजवणारा नायट्रोजन डायऑक्साइड त्यातलाच. आपल्याकडे त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तिची शिफारस १० वर आणली. डिझेलच्या धुराला त्याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

आणि पीयूसीत डिझेल गाडीचं काय मोजतात? फक्त धुराची दाटी. धुरातून जाणारा प्रकाश किती अडतो तेवढंच. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत, सूक्ष्म कण मोजत नाहीत. बीएस-६ इंजिनाचा धूर मुळातच इतका विरळ असतो की आतली जाळी फोडली तरी या यंत्राला बऱ्याचदा कळत नाही. बेल्जियमने २०२२ मध्ये आणि नेदरलँड्स व जर्मनीने २०२३ मध्ये नियमित तपासणीत कण मोजणारं यंत्र आणलं ते याचसाठी. इंजिन चालू ठेवून सायलेन्सरच्या नळीत काही सेकंद यंत्राची नळी धरली की जाळी शाबूत आहे की नाही हे लगेच समजतं. करायचं ठरवलं तर हे आपल्याकडेही होऊ शकतं.

पौड फाटा, धूळ आहेच, पण रस्त्यावरची धूळ बरीचशी जाड असते. डिझेलची काजळी सूक्ष्म असते, फुफ्फुसात खोलवर जाते, आणि ती नाकाच्या उंचीवर सोडली जाते. बायपासच्या कडेला राहणाऱ्या मुलीला शहराची सरासरी लागू पडत नाही.

---

नारायणगावकर

तुमचं सगळं पटतंय, तरी एक शेतकरी म्हणून लिहितो.

माझ्याकडे पिकअप आहे, डिझेलच. टोमॅटोच्या हंगामात रात्री भरून वाशी मार्केटला. भाव पडला की भाड्याचेही पैसे सुटत नाहीत. डिझेलवर दोन रुपये वाढवले की ते शेवटी आमच्याच क्रेटमधून वजा होतात, शहरातल्या भाजीवाल्याच्या भावातून नाही. सीएनजी घ्या म्हणतात. पंपावरची रांग बघा, आणि भरलेली गाडी घाट चढताना ओढ कमी पडते ती वेगळीच.

'डिझेल वाईट' म्हणून सरसकट कर आणू नका. शहरात हौसेने डिझेलची मोठी गाडी फिरवणारा आणि माल आणणारा यांना एका दावणीला बांधू नका. पहिल्याला पर्याय आहे.

बाकी डोळ्यांना झोंबणारा धूर आम्हालाही झोंबतो. मार्केटात गाडी रिकामी व्हायला तीन-चार तास लागतात, शेजारची पन्नास इंजिनं चालूच असतात. आमचे ड्रायव्हर लोक त्यातच झोपतात.

---

हौन्स्लोकर

लंडनहून लिहितोय, मूळचा सांगलीचा. वारजेकरांचा प्रश्न मी इथे पंधरा वर्षांत दोनदा भोगलाय, म्हणून सविस्तर.

ब्रिटनमध्ये मार्च २००१ पासून नव्या मोटारीचा वार्षिक रस्ताकर कार्बन डायऑक्साइडवर ठरू लागला. हेतू चांगला होता, हवामानबदल थांबवायचा. डिझेल गाडी त्याच अंतराला कमी कार्बन सोडते, म्हणून तिला कर कमी. लोकांनी सरळ गणित केलं. २००१ मध्ये नव्या मोटारींत डिझेलचा वाटा साधारण १८ टक्के होता, दहा-अकरा वर्षांत तो वाढून पन्नास टक्क्यांवर गेला. मी स्वतः २००९ मध्ये 'पर्यावरणाला चांगली' म्हणून डिझेल घेतली. शोरूममधल्या माणसाने तसंच सांगितलं होतं आणि सरकारच्या करपत्रकातही तेच दिसत होतं.

कराने एकच वायू बघितला. नायट्रोजन ऑक्साइड कोणी बघितले नाहीत. त्यात सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं. प्रयोगशाळेत चाचणी चालू आहे हे गाडीचं सॉफ्टवेअर ओळखायचं, तेवढ्यापुरतं उत्सर्जन कमी करायचं, आणि रस्त्यावर आलं की मर्यादेच्या कितीतरी पट सोडायचं. (भारतातही त्यांना सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या.)

मग उलटा प्रवास सुरू झाला. ८ एप्रिल २०१९ ला मध्य लंडनमध्ये अतिकमी उत्सर्जन क्षेत्र आलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते वाढलं आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या लंडनला लागू झालं. नियमात न बसणारी मोटार ज्या दिवशी रस्त्यावर आणाल त्या दिवसाचे साडेबारा पौंड. पेट्रोलला युरो-४ (आपल्या बीएससारखं युरोपचं मानक) पुरतं, डिझेलला मात्र युरो-६ लागतं. म्हणजे २००६ ची पेट्रोल गाडी फुकट फिरते आणि २०१४ ची डिझेल पैसे भरते. माझी २००९ ची त्यात अडकली. मोडीत काढायला दोन हजार पौंडांपर्यंत मदत मिळत होती, ती घेतली.

राग आला होता, खोटं कशाला बोलू. ज्या सरकारने घ्यायला लावली त्यानेच शिक्षा दिली. पण लुईशमची नऊ वर्षांची एला अडू-किसी-डेब्रा हिच्याबद्दल वाचलं आणि राग निवळला. ती दक्षिण लंडनच्या वर्दळीच्या वर्तुळाकार रस्त्याजवळ राहायची, दम्याने २०१३ मध्ये गेली. डिसेंबर २०२० मध्ये न्यायचौकशीत तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदवलं गेलं. या देशात असं पहिल्यांदाच झालं. तिच्या आईने त्यासाठी कित्येक वर्षं झगडा दिला.

वारजेकर, तुमच्या पोस्टमधल्या गॅलरीबद्दल वाचून मला तीच आठवली.

इथल्या पद्धतीत मला पटतं ते हे की पैसे दिवसागणिक आहेत. गाडी महिन्यातून एकदा काढणारा थोडे भरतो, रोज काढणारा भरपूर. आणि निकष युरो मानक आहे, जन्मसाल फक्त अंदाजासाठी. न पटणारी गोष्ट अशी की बाहेरच्या उपनगरांत बस कमी असताना हे लावलं. साफसफाई करणाऱ्या, रात्रपाळीच्या लोकांना फार जड गेलं.

---

द्वारका_दिल्ली

आम्ही मूळचे जळगावचे, दिल्लीत वीस वर्षं. हौन्स्लोकरांच्या उलट गोष्ट सांगते.

इथे वयाचा नियम आहे. हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये सांगितलं, दहा वर्षांवरची डिझेल गाडी दिल्ली परिसरात चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते कायम केलं. आमची २०१४ ची डिझेल, बीएस-४, फक्त ६२ हजार किलोमीटर झालेली. यजमान मेट्रोने जायचे, गाडी सुट्टीला निघायची. २०२४ मध्ये ती विकावी लागली, जवळजवळ मातीमोल. एजंटने एनओसी काढून दुसऱ्या राज्यात नेली. म्हणजे ती गाडी आजही धावतेच आहे, फक्त कुठल्या तरी दुसऱ्या गावातल्या मुलांच्या शेजारून. यात धूर कमी झाला कुठे? त्याच वेळी आमच्या गल्लीत नऊ वर्षांची एक टॅक्सी होती, तीन लाख किलोमीटर झालेली, काळा धूर ओकणारी. ती कायदेशीर होती.

१ जुलै २०२५ ला तर पंपांवर कॅमेरे लावून जुन्या गाड्यांना इंधनच बंद केलं. दोन-तीन दिवसांत एवढा गदारोळ झाला की ते मागे घ्यावं लागलं. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून कारवाई करू नका असं सांगितलं, आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. दहा वर्षांनी गाडी शेवटी मानकावर आली.

इंजिनाच्या आकारावरच्या नियमाचं तर विचारूच नका. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी इथे थांबवली. महिन्याभरात महिंद्राने १.९९ लिटरचं इंजिन आणलं. नियमाला धरूनच होतं ते. पण एवढ्याशा फरकाने हवेत काय बदलणार होतं? ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का पर्यावरण शुल्क घेऊन बंदी उठली.

जे खरंच उपयोगी पडलं ते सांगते : बस. १९९८ च्या आदेशानंतर इथल्या सगळ्या डिझेल बस आणि रिक्षा सीएनजीवर गेल्या, २००२ च्या शेवटापर्यंत. त्या आधी रिंग रोडवर काय असायचं ते सासूबाईंकडून ऐकलं आहे. दुसऱ्या बाजूच्या बसचा नंबर दिसायचा नाही म्हणायच्या.

---

गोरेगावकर

मुंबईचंही लिहायला हवं. आमच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी एकेकाळी डिझेलवर धूर सोडत फिरायच्या. उच्च न्यायालयात धूरग्रस्त रहिवाशांची याचिका चालली, न्यायालयाने जुन्या टॅक्सींना सीएनजीवर जायला लावलं. गॅस आधीच शहरात आला होता, म्हणून ते जमलं. पर्याय तयार असला की लोक बदलतात.

आता जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने विचारलं की मुंबईत पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का. सरकारने २२ जानेवारीला सात जणांची समिती नेमली, तीन महिन्यांत अभ्यास करायला सांगितलं. माझी काळजी वारजेकरांसारखीच आहे : त्यातून परत दिल्लीसारखा वयाचा नियम निघू नये.

---

पौड_फाटा

अनघाताईंचं वाचून मत थोडं बदललं, हे कबूल करतो. पण कराबद्दल एक गोष्ट कोणी लिहिली नाही.

जीएसटीत सुरुवातीला छोट्या पेट्रोल मोटारीला २८ वर १ टक्का उपकर होता, छोट्या डिझेलला ३ टक्के. फरक दोन टक्क्यांचाच, पण होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या दोन्ही गाड्यांना सरळ १८ टक्के. पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. म्हणजे केंद्राच्या करात छोट्या गाडीपुरता डिझेल-पेट्रोल भेद संपला. चार मीटरच्या पुढे ४० टक्के, तिथेही इंधन बघत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये गडकरींनी डिझेलवर दहा टक्के जादा जीएसटीची कल्पना बोलून दाखवली होती, त्याच दिवशी असा प्रस्ताव विचाराधीन नाही असा खुलासा आला.

चार मीटर हा आकडा पार्किंगसाठी ठीक आहे. हवेशी त्याचा काय संबंध हे मला आजवर समजलेलं नाही.

---

वारजेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

नारायणगावकर दादा, तुमचं म्हणणं मान्य. म्हणूनच मी डिझेलच्या दरावर कर वाढवा असं म्हणत नाही. तो तुमच्या क्रेटवर पडेल, आणि माझ्यासारख्याला फार तर महिन्याला चार-पाचशे रुपये जास्त लागतील, मी ते मुकाट भरेन. मला हवा तो कर मोटारीचा. नोंदणीला एकरकमी घेण्याऐवजी दर वर्षी, मानक गुणिले वर्षभरात कापलेलं अंतर. अंतर कळणं अवघड नाही, पीयूसीच्या वेळी मीटरचा फोटो घेता येईल. बीएस-३ ला दर जास्त, बीएस-६ ला कमी, आणि जाळी फोडलेली आढळली तर बीएस-३ चा दर. भोसरीवाल्या दादांनी सांगितलेल्या गिऱ्हाइकाला मग लाखाचा डीपीएफ स्वस्त वाटेल. आलेले पैसे त्याच शहराच्या बसला द्यावेत. पीएमपीची बस दर दहा मिनिटांनी आली असती तर आमच्या घरातून गाडी आठवड्यातून चार दिवस निघालीच नसती.

पण हे सगळं मोजण्यावर उभं आहे. ०.८१ हा आकडा कोणी आणि कशाच्या आधारे छापला, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. इतकी वर्षं मी दर वेळी ते प्रमाणपत्र काचेमागे ठेवून नियम पाळतोय असं समजत होतो.

---

भोसरी_गॅरेज

दादा, रविवारी सकाळी आठला गाडी घेऊन या. माझ्याकडे स्मोकमीटर आहे. बायपासने या, इंजिन चांगलं गरम पाहिजे. थंड इंजिनावर रीडिंग बरोबर येत नाही. आधी आहे तसं मोजू. मग इंजेक्टर, एअर फिल्टर, टर्बोचा होज आणि ईजीआर बघू आणि परत मोजू. तुमच्या बीएस-४ ला मर्यादा १.६२ आहे. मोजण्याचे पैसे नकोत.

---

अनघा_स

दोन्ही वेळचे प्रिंट जपून ठेवा, तारीख-वेळ आणि मीटरच्या फोटोसकट. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून किमान तीन-चार वेळा घ्या आणि सरासरी बघा, एकाच झटक्याचं रीडिंग धरू नका.

---

वारजेकर

रविवारी जाऊन आलो.

पहिली सरासरी २.१४ आली. मर्यादा १.६२. प्रमाणपत्रावर ०.८१. तीन आकडे एकाखाली एक लिहून मी गाडीशेजारी बराच वेळ नुसता उभा होतो. दोन इंजेक्टर नीट फवारत नव्हते आणि टर्बोच्या होजला बारीक चीर होती. ईजीआर काजळीने इतका भरला होता की दादांनी तो वर्तमानपत्रावर झटकून दाखवला. तीच काळी चिकट पूड, आमच्या कठड्यावरची.

दुपारी सगळं बसवल्यावर परत मोजलं : १.०६. खर्च साडेअकरा हजार.

घरी ठरलं ते असं. गाडी २०२७ पर्यंतच ठेवायची, शहरात काढायची नाही, गावी जायला वापरायची. मुलीला शाळेत मी आता बसने सोडतो, वीस मिनिटं लवकर निघावं लागतं. पुढची डिझेल नाही. जाताना ती एनओसी काढून कुणाला विकायची नाही, अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्यायची. द्वारकाताईंचं वाचल्यावर दुसरं काही मनाला पटेना.

तिन्ही कागदांच्या झेरॉक्स परिवहन आयुक्त कार्यालयाला पत्रासोबत रजिस्टर्ड पोस्टाने पाठवल्यात. कण मोजणाऱ्या यंत्राचा मुद्दा अनघाताईंनी मजकूर तपासून दिल्याप्रमाणे घातलाय. ज्यांना आपापल्या पीयूसीचा अनुभव जोडायचा असेल त्यांनी इथे लिहा, दुसरं पत्र महिनाअखेरीला पाठवतो.

---

नारायणगावकर

माझी पिकअप पण मोजून द्याल का दादा? मंगळवारी रिकामी परत येताना भोसरीवरून येतो.

---

भोसरी_गॅरेज

या. अकराच्या आत या म्हणजे निवांत बघता येईल.